एनटीकेचा ऑक्सिजन सेन्सर घरीच बसवला: सेन्सरला पाच स्टार, ऑनलाईन मागवलेल्या गोटीला (सॉकेट पान्याला) अर्धा पण नाही

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, रनिंग १ लाख १२ हजार. सेन्सर एनटीके कंपनीचा, चार वायरचा, मॅनिफोल्डवरचा (इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाईप) म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधीचा. शाहूपुरीतल्या एका स्पेअरच्या दुकानातनं २८५० ला घेतला, पक्क्या बिलासकट. बसवून सव्वातीन महिने झाले, ३४०० किमी फिरली गाडी, म्हणून आत्ता लिहायला बसलोय, नाहीतर आपल्याकडं पार्ट बॉक्समधनं काढला की लगेच पाच स्टार देऊन मोकळे होतात आणि महिन्यानं तोच माणूस शिव्या घालत असतो.

झालं असं की पावसाळ्यात गगनबावड्याला गेलेलो, तिथला पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नको, येताना कळे ओलांडलं आणि डॅशवर ते पिवळं इंजिनाचं चित्र लागलं. गाडी पळायला काहीच फरक नाही, ना झटका ना धूर, म्हणून आठ-दहा दिवस तसाच फिरलो. मग लक्षात आलं की सकाळी गाडी चालू केली की मागनं कच्च्या पेट्रोलचा वास येतोय आणि सिटीतलं अ‍ॅव्हरेज पंधरा-साडेपंधरावरनं बाराच्या आसपास आलंय. पेट्रोल शंभरच्या वर गेल्यापासून बारा म्हटलं की पोटात गोळा येतो राव.

सर्व्हिस सेंटरला नेली, नाव लिहीत नाही. स्कॅनर लावून पोरगं म्हणालं, 'सर दोन्ही ऑक्सिजन सेन्सर चेंज करायला लागतील, सोबत थ्रॉटल क्लीनिंग करून घ्या, चौदा-साडेचौदा हजारापर्यंत जाईल.' मी विचारलं कोड काय आलाय, तर म्हणे कॉम्प्युटरनं दाखवलंय सर. अरे पण काय दाखवलंय? ते काय त्यानं सांगितलं नाही. मी आपलं विचार करून सांगतो म्हणून गाडी काढून आणली.

घरी एक ब्लूटूथवाला स्कॅनर पडून होता, ओबीडीच्या (गाडीतले बिघाड तपासायच्या) पोर्टला लावायचा तो, स्टेअरिंगच्या खाली असतो बघा पोर्ट. मोबाईलवर कोड आला पी ०१३५. एकच. दुसऱ्या सेन्सरचा कोड नाहीच, म्हणजे दोन्ही बदला हे कुठनं काढलं देव जाणे. पी ०१३५ चा अर्थ पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये लोचा. आणि इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळे पैसे इथंच वाचतात: हीटरच्या सर्किटमध्ये लोचा म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. फ्यूज उडलेला असू शकतो, वायर उंदरानं खाल्लेली असू शकते, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. कोड फक्त बोट दाखवतो, गुन्हेगार आपण शोधायचा.

हे काम चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची (एक सिरॅमिक) बारकी टोपी असते, टोपीच्या आत बाहेरची हवा आणि टोपीच्या बाहेर इंजिनातनं आलेला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल जास्त पडलं की धुरात ऑक्सिजन उरत नाही मग ०.९ च्या आसपास दाखवणार, पेट्रोल कमी पडलं की ०.१ कडं जाणार, आणि इसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ते बघून सारखं थोडं वाढव थोडं कमी कर करत १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या हिशोबाच्या आजूबाजूला गाडी ठेवतो. ही आयडिया पण जुनी आहे, १९७६ ला बॉशनं पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत लावली, तेव्हापासून लॅम्डा सेन्सर हे नाव चिकटलंय. पण मेख अशी की ही टोपी साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणून आत हीटर असतो, गाडी चालू केल्या केल्या तो टोपी तापवतो. हीटर मेला की टोपी फक्त धुराच्या गरमीवर तापायची, म्हणजे चार-पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्या वेळात इसीयू आंधळेपणानं अंदाजानं पेट्रोल सोडत बसतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूला असतो.

आता माझं रोजचं जाणं-येणं राजारामपुरी ते कसबा बावडा. किती वेळ लागतो? त्यातली निम्मी वाट सेन्सर थंडच. लाईव्ह डेटामध्ये व्होल्टेजची लाईन लावून बायकोच्या हातात मोबाईल दिला आणि फेरी मारली, सुरुवातीला लाईन ०.४५ ला सपाट, मेल्यासारखी, मग हळूहळू वर-खाली व्हायला लागली, तेवढ्यात दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल लागला, लांबडा सिग्नल तुम्हाला माहितीच आहे, आयडलवर धूर थंड पडला आणि लाईन परत सपाट. बायको म्हणाली, 'हे ईसीजी असतं तर आत्तापर्यंत सगळ्यांना फोन केले असते.' मला तिथंच डायग्नोसिस कळलं.

तरी खात्री करायची म्हणून आधी फ्यूज काढून बघितला, चांगला. मग कनेक्टर काढून गाडीकडच्या बाजूला इंजिन चालू ठेवून मीटर लावला, १३ व्होल्टच्या वर येतंय, म्हणजे सप्लाय आहे. मग सेन्सरकडच्या दोन पांढऱ्या वायरवर ओहम मोजले, काहीच नाही, ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. नवीन सेन्सर आणल्यावर तेच मोजलं तर सहा-साडेसहा ओहम. एनटीकेमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. दुसऱ्या मेकला रंग वेगळे असतात, रंग बघून अंदाज बांधू नका, कनेक्टरच्या पिना बघा. एवढं सगळं करायला साडेतीनशे रुपयांचा मीटर आणि अर्धा तास लागला, आणि साडेचौदा हजारातले अकरा-बारा हजार तिथंच वाचले.

मावसभावाची थिअरी वेगळी होती. त्याच्या मते २०२१ च्या महापुरात पाणी लागलं असणार. मी म्हटलं बाबा तेव्हा गाडी पुराच्या आधीच वर नेऊन लावलेली, टायरसुद्धा भिजला नव्हता. तर म्हणतो, 'दमट हवा तर लागलीच की.' याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या मते वय झालं होतं, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर तापलेल्या पार्टवर खड्ड्यातलं थंडगार पाणी उडून शेवटचा दणका बसला असणार. आत सिरॅमिकच आहे शेवटी, गरम तव्यावर पाणी मारल्यासारखं.

खरेदीचं सांगतो. ऑनलाईन नऊशे रुपयाला युनिव्हर्सल सेन्सर मिळतात, वायरी उघड्या असतात, जुना कनेक्टर कापून जोडायचा. माझ्या मते नादाला लागू नका. बऱ्याच सेन्सरमध्ये ती आतली हवा वायरच्या आतनंच जाते, तिथं तुम्ही सोल्डर करून वर घट्ट टेप मारली की हवा बंद आणि रीडिंगची वाट लागली. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका ते पण यासाठीच. थेट फिटिंगचा, आपल्या कनेक्टरसकट येणारा घ्या. शाहूपुरीतल्या दुकानदारानं मला पहिलाच प्रश्न विचारला, 'कॅटच्या आधीचा की नंतरचा?' आणि दुसरा, 'चॅसी नंबर व्हॉट्सअ‍ॅप करा.' बास, तिथंच दुकान आवडलं. बाकी दोन दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगितल्यावर खोकी काढून ठेवायला लागलेले. यांनी नंबर मॅच करून दुसऱ्या दिवशी मागवून दिला, वर म्हणाले की सील फोडायच्या आधी इथंच कनेक्टर बघून घ्या, इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही. कडक माणूस, पण सरळ.

बॉक्स उघडला की टोकावर टोपण आहे, आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) आधीच लावलेलं येतंय, वॉशर अंगासकट. वायरीवर उष्णतेची स्लीव्ह आहे, क्लिप जिथं पाहिजे तिथंच आहे, लांबी जुन्याशी जुळवून बघितली, एक सेंटिमीटरचा फरक नाही. टोकाला बोट लावायचं नाही, अँटीसीझ टोकाला जाऊ द्यायचं नाही आणि हातातनं पाडायचा नाही, पडला तर बाहेरनं चकचकीत दिसला तरी आत तडा गेलेला असू शकतो. दुकानातनं घरापर्यंत मी तो आईच्या औषधाच्या डब्यासारखा मांडीवर धरून आणला.

आता गोटी. सेन्सरचा नट २२ चा असतो आणि वरनं वायरी बाहेर येतात म्हणून साधी गोटी बसत नाही, बाजूला चीर दिलेली गोटी लागते. ती ऑनलाईन ४२० रुपयाला मागवली, फोटोत क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय, हातात घेतल्यावर पण बरी वाटली. रविवारी सकाळी चहा घेऊन बॉनेट उघडलं, हीट शील्डचे (उष्णता अडवणारा पत्रा) दहाचे तीन बोल्ट, त्यातले दोन शिस्तीत आले आणि तिसऱ्याचं डोकंच हातात आलं. म्हटलं असू दे, शील्ड वाकवून बाजूला केलं. गोटी बसवली, टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लावली, जोर दिला. हललं! मी खूश. बघतो तर सेन्सर जागच्या जागी आणि गोटीनं चिरेपाशी तोंड वासलंय, अगदी बेडकासारखं. परत दाबून बसवली, परत जोर, यावेळी सर्रकन घसरली आणि नटाच्या एका कोपऱ्याची पांढरी चकचकीत धार दिसायला लागली. ज्यांनी कधी पाना मारलाय त्यांना माहितीय हे बघून छातीत काय होतं ते. दहा वर्षं लाल होऊन थंड झालेलं लोखंड, त्यात गंज, आता नट गोल झाला म्हणजे अख्खं मॅनिफोल्ड उतरवायला लागणार.

इथं मी थांबलो, आणि या सगळ्या प्रकारात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. दाजींना फोन लावला. दाजी शिरोलीत फौंड्रीत मेंटेनन्सला आहेत, पंचवीस वर्षं जाम झालेली लोखंडं सोडवत आलेत. आले, वाकून बघितलं, गोटी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, 'हे कुणी विकलं तुला? पत्रा हाय ह्यो.' मग, 'जुना सेन्सर परत वापरायचा हाय काय?' म्हटलं नाही. 'मग वायरी कशाला जपालाइस? काप की.'

डोक्यातच आलं नव्हतं. जुना सेन्सर भंगारच आहे, वायरी कापल्या की वरनं साधी, बंद तोंडाची, सहा कोपऱ्यांची खोल गोटी पूर्ण बसते, चीर नाही म्हणजे तोंड वासायचा प्रश्न नाही. मी लगेच कटर घेतला तर दाजींनी हात धरला, 'आधी नवीन कनेक्टर लावून बघ. बसतोय न्हवं? मग काप.' लावून बघितला, टिक करून लॉक झाला. मग कापल्या. ही शिस्त मला आयुष्यात कधी जमायची नाही.

दाजींच्या डिकीत टापरियाची २२ ची खोल गोटी होती. आधी डब्ल्यूडी-४० मारलं आट्यांच्या बुडाला, चहा घेतला, परत मारलं, अर्धा तास गेला. मग इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद केलं, कारण भोवतालचं लोखंड कोमट असलं की पकड ढिली होते, पण फार तापवलं तर हात भाजणार, जाड हातमोजे पाहिजेतच. स्प्रे जास्त मारला असेल तर इंजिन चालवायच्या आधी फडक्यानं पुसा, नाहीतर धूर निघतो आणि शेजारचे धावत येतात, आमच्याकडं आले. मग टॉमीला अर्ध्या मीटरचा पाईप, दाजींनी झटका न देता नुसतं वजन टाकलं, हळूहळू, मी श्वास धरून, आणि एकदम टक्क. असा आवाज की मला वाटलं तुटला. तुटला नव्हता, सुटला होता. पुढं पण सरळ नाही काढला, पाव आटा मागं, थोडा स्प्रे, परत पुढं, असं करत करत काढला, म्हणून आटे शाबूत राहिले. पहिला जोरात सुटला म्हणून सरळ गरागरा फिरवू नका, गंजाचा चुरा आट्यात अडकून परत जाम होतो आणि मग खरी रड सुरू होते.

जुन्याचं टोक कोरड्या काजळीनं काळं कुळकुळीत होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय हे दिसतच होतं. यूट्यूबवर हे पेट्रोलमध्ये भिजवून ब्रशनं घासून 'नवा करा' म्हणतात. काजळी निघेल हो, पण तुटलेली हीटरची तार पेट्रोलनं कशी जोडली जाणार?

नवीन हातानं बसवला, तीन-चार आटे पाना न लावता गेले, मग शेवटी थोडा घट्ट. १८ मिमीच्या आट्याला ४० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, दाजींनी टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) आणला होता. आणि गंमत बघा, एवढ्या कमी जोराला ती बेडूकतोंडी गोटी मस्त चालली. म्हणजे काढायला बंद गोटी, बसवायला चिरेची, हा विषय आहे. वायर पिळ न पडता क्लिपमध्ये बसवा, मॅनिफोल्डला टेकली तर वितळणार. मॅनिफोल्डच्या आजूबाजूला सिलिकॉनचा सीलंट वापरू नका, त्याच्या वाफेनं हेच सेन्सर खराब होतात.

कोड क्लिअर केला, गाडी चालू केली, मोबाईल बघत बसलो. मिनिटाच्या आत लाईन वर-खाली, वर-खाली, एकदम जिवंत. संध्याकाळी मुद्दाम दाभोळकर कॉर्नरला जाऊन सिग्नलला थांबलो, लाल सिग्नल लागल्याचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता, लाईन पडली नाही. अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असं तीनदा काढलं, १५.१, १५.४, १४.९. आता ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आलंय, त्यात इथेनॉलमुळं तेवढ्याच हवेला पेट्रोल जरा जास्तच लागतं, त्यामुळं जुन्या साडेपंधराची अपेक्षा धरत नाही, पण बारावरनं पंधरा म्हणजे सेन्सरचे पैसे तिसऱ्या-चौथ्या टाकीतच निघाले. सकाळचा पेट्रोलचा वास बंद. पीयूसीवाल्याकडं रीडिंग पण व्यवस्थित आलं. कोड परत आलेला नाही.

कॅटनंतरचा दुसरा सेन्सर मी हात पण लावला नाही, चांगला आहे, त्याचं काम कॅट नीट चाललाय का ते बघण्याचं, उगाच जोडी म्हणून बदलायला ती काय चप्पल नाही.

ती ऑनलाईन गोटी परत करायला गेलो तर 'वापरलेली आहे' म्हणून रिटर्न रिजेक्ट. मग एक चांगली खोल गोटी घेतली आणि उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये नेऊन कटिंग व्हीलनं चीर मारून घेतली, मिस्त्रींनी शंभर रुपये घेतले आणि कडा घासून पण दिल्या. आधी म्हणाले, 'चांगली गोटी कशाला फाडताय ओ?' बेडूक दाखवला तर हसत बसले आणि शेजारच्या लेथवाल्याला पण बोलावून दाखवला. आत्तापर्यंत ती गोटी तिघांनी नेलीय, दोघांनी परत दिली.

तो हीट शील्डचा तुटलेला बोल्ट अजून तसाच आहे. सकाळी गाडी थंड असताना दोन हजार आरपीएमच्या आसपास शील्ड खर्रर्र वाजतंय. दाजी म्हणालेत पुढच्या रविवारी ड्रिल घेऊन येतो, आणि असं म्हणून त्यांचे पाच रविवार झालेत.